न मागितलेलं गाणं

कॅसेट भरून देणारी दुकानं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना लगेच कळेल. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, दोन्ही दुकानात देऊन यायचं. "परवा या." परवा गेलं की, "उद्या या." मग एकदाची कॅसेट हातात पडायची आणि आतल्या कार्डावर दुकानदाराच्या बारीक अक्षरात गाण्यांची नावं असायची.

१९८६ साली मी सतरा वर्षांची होते. कराडहून पुण्याला शिकायला आले होते. वसतिगृहाच्या खोलीत तिघींमध्ये एक टू-इन-वन. माझ्या यादीत सोळा गाणी होती, सगळी घरी ऐकलेली, सगळी पाठ. घरापासून लांब गेलेलं माणूस आधी पाठ असलेलंच मागतं.

बी साइडचं आठवं गाणं संपलं. मी बटण दाबायला उठले, तर टेप अजून फिरत होती. थोडी खरखर झाली आणि लताबाईंचा आवाज सुरू झाला. यादीत नसलेलं गाणं. कार्डावरही त्याचं नाव नव्हतं. एका बाईच्या एकटेपणाचं ते गाणं मी टू-इन-वनवर हात ठेवून उभ्यानं ऐकलं. शेवटचं कडवं सुरू झालं आणि खट्. टेप संपली, बटण वर आलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. "काका, शेवटी कुठलं गाणं भरलंत?"

"टेप उरली होती. कोरी कशाला द्यायची? आवडलं?"

"शेवटी तुटलंय."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांना थांबायला सांगून काकांनी फळीवरून तबकडी काढली, मखमलीच्या तुकड्यानं पुसली, डोळ्यांजवळ नेऊन रेघा बघितल्या आणि सुई बरोब्बर शेवटच्या कडव्याच्या अलीकडे टेकवली. एक कडवं. सगळे गप्प उभे होते. गाणं संपल्यावर त्यांनी सुई उचलली आणि म्हणाले, "'उंबरठा'. सुरेश भट. हृदयनाथ." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

त्या यादीतली सोळा गाणी कुठली होती, हे आज मला सांगता येणार नाही. सतरावं मात्र अजून माझ्याबरोबर आहे. आजही ते पूर्ण ऐकते तेव्हा शेवटच्या कडव्याच्या सुरुवातीला माझा कान त्या 'खट्'ची वाट बघतो. चाळीस वर्षं होत आली, आवाज येत नाही, पण वाट बघणं सुटलेलं नाही.

म्हणून ठासून सांगते: आयुष्यभर पुरणारं गाणं मागून मिळत नाही. ते यादीत नसतं. कुणीतरी ते आपल्या उरलेल्या टेपवर भरून देतं.

आता आपल्या हातातल्या फोनकडे बघू. उघडला की समोर तयार यादी. "खास तुमच्यासाठी." ही यादी कशी बनते ते एकदा समजून घ्या. तुम्ही काय ऐकलं, कुठे थांबलात, कुठे पुढे ढकललंत याची नोंद होते. मग तुमच्यासारखंच ऐकणारी हजारो माणसं शोधली जातात आणि त्यांनी ऐकलेलं पण तुम्ही न ऐकलेलं गाणं तुमच्यापुढे येतं. म्हणजे काल जे आवडलं त्याचाच चुलतभाऊ आज, आणि त्या चुलतभावाचा मेहुणा उद्या. अख्खं गोत तेच. माझ्या सोळा गाण्यांवरून या हिशेबानं मला आणखी सोळाशे गाणी मिळाली असती, आणि सगळी मला आवडली असती. ते सतरावं गाणं मिळालं असतं का? माझ्या यादीत सगळी कराडच्या घरातली सकाळ होती, अभंग, भूपाळ्या. त्या मुलीला परक्या शहरातली संध्याकाळ लागणार आहे, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. ते यादीत उमटणार कुठून? दुकानदारानं यादी बघितली नाही, यादी देणारी मुलगी बघितली. निदान मी तरी इतकी वर्षं तसंच धरून चालले आहे.

दुसरी गोष्ट तीस सेकंदांची. या ॲपवाल्यांच्या हिशेबात गाणं तीस सेकंद वाजलं की 'ऐकलं' असं मोजतात, त्यावर पैसे ठरतात. एकतिसाव्या सेकंदाला तुम्ही उठून गेलात तरी हरकत नाही. याचा गाण्याच्या बांधणीवर परिणाम होणार नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातला २०१७ सालचा अभ्यास बघावा. १९८६ ते २०१५ या काळातली तिकडची गाजलेली गाणी घेऊन संशोधकानं आवाज लागण्याआधीचं वाद्यांचं वाजणं मोजलं. पूर्वी ते सरासरी वीस सेकंदांच्या वर होतं, ते पाचेक सेकंदांवर आलं. थांबायला कुणाला वेळ नाही, म्हणून गाण्यानंच थांबणं सोडलं. आपल्याकडेही कान लावून बघा. गाणं अंगणातून येत नाही, थेट माजघरात उडी मारतं.

आणि रीलचं काय बोलावं! पंधरा सेकंदांचा तुकडा, तोच शंभर वेळा. दिवसभर तो डोक्यात घोळतो आणि आपण म्हणतो, गाणं मनात बसलं. घोळणं आणि बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोळणारा तुकडा पुढचा तुकडा आला की निघून जातो. मनात बसलेलं गाणं दोन-दोन वर्षं आठवत नाही आणि एके दिवशी दवाखान्याच्या बाकावर, नंबर यायची वाट बघताना, पहिल्या स्वरापासून उभं राहतं.

मग वरून कुणी जाणत्यानं निवडून दिलं तर? तेही आपल्या देशानं करून बघितलं आहे, आणि करणारा माणूस मराठी होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे भक्त. सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवतात असं त्यांचं पक्कं मत होतं, आणि त्यांच्या काळात हिंदी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी काय केलं? बटण फिरवलं आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच १९५२ साली तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली, तिचे निवेदक अमीन सयानी घराघरांत पोहोचले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला आकाशवाणीलाच सिनेमाची गाणी वाजवणारी विविध भारती सुरू करावी लागली. मंत्र्याच्या हातात अख्ख्या देशाची प्रक्षेपण केंद्रं होती, तरी कुणाला काय आवडावं हे त्याला ठरवता आलं नाही. हुकमानं गाणं काढून टाकता येतं, मनात घालता येत नाही.

केसकरांना एवढं बोलून पुढे जाणं मात्र अन्याय होईल. कारण त्यांच्याच कारकिर्दीत, त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर, मराठी माणसाला मिळालेलं सगळ्यात मोठं न मागितलेलं गाणं जन्माला आलं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. केंद्रावरच्या सीताकांत लाडांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल. 'गीतरामायण'. आठवड्याला एक गाणं. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला पहिल्यांदा लागायचं, शनिवारी-रविवारी पुन्हा. मधे अधिक महिना आला म्हणून बावन्नाची छप्पन्न झाली आणि पुढच्या वर्षीच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ला, मालिका संपली. रामाची कथा श्रोत्यांना ठाऊक होती, गाणी कुणालाही ठाऊक नव्हती. पुढच्या शुक्रवारी माडगूळकर कुणाच्या तोंडी काय घालणार, फडके कुठला राग धरणार, गायला माणिक वर्मा येणार की वसंतराव देशपांडे, हे आधी कळायची सोय नव्हती. सात दिवस थांबणं एवढंच श्रोत्याच्या हातात होतं.

माझी आई तेव्हा बारा वर्षांची होती. तिची गाण्यांची वही आता माझ्याकडे आहे. त्या वेळी पुण्याची वर्तमानपत्रं आठवड्याचं गाणं छापायची. ती कात्रणं कापून तिनं गव्हाच्या खळीनं चिकटवली आहेत. खळीचे डाग पानांवर बदामी झाले आहेत. पण सगळ्याच गाण्यांची कात्रणं तिला मिळाली नव्हती. शेजाऱ्यांचा पेपर, कधी त्यात वाणसामान बांधून गेलेलं असायचं. ती गाणी तिनं रेडिओवरून लिहून घेतली आहेत. शुक्रवारची अक्षरं पेन्सिलीची, घाईची, ओळीच अर्ध्या. शनिवारी त्याच ओळींतल्या मोकळ्या जागा निळ्या शाईनं भरलेल्या. रविवारी चुका खोडून वर बारीक दुरुस्ती. एका ठिकाणी शब्दच नीट ऐकू आला नव्हता, तिथे तिनं नुसती रेघ ओढून ठेवली होती. ती रेघ किती तरी वर्षांनी भरली आहे, वेगळ्या पेननं, वेगळ्या वयाच्या अक्षरात.

तीन दिवसांत तीनदा ऐकून, तरी एका शब्दासाठी जागा राखून ठेवलेलं ते गाणं. सांगा बरं, ते आईच्या मनातून कसं जाणार होतं?

यावर मानसशास्त्रवाले म्हणतील, बाई, यात तुमच्या आईचं काही विशेष नाही. दहा ते तीस या वयात कानावर पडलेलं माणसाला पुढे सगळ्यात जास्त आठवतं, हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. मान्य. माझं सतरावं वर्ष, आईचं बारावं. पण मग मोठ्या वयात काळजाला हात घालणाऱ्या गाण्याचं काय? माझ्या पन्नाशीनंतरचं सांगते.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी १९८०च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आज तो खजिना 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात कुणालाही फुकट ऐकता-वाचता येतो. मी एका दुपारी स्वयंपाकघरात, पोळ्या झाल्यावर, त्यातलं एक ध्वनिमुद्रण लावलं. जात्याची घरघर. एक बाई ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. वाद्य नाही, गोड गळा म्हणावा असाही नाही. त्यात भावाविषयी, लेकीविषयी, सासरच्या वाटेविषयी इतकं उघडं बोलणं होतं की मी गॅसचा ओटा पुसायचा ठेवून खाली बसले. आम्हाला शाळेत ओवी शिकवली ती छंद म्हणून, अक्षरं मोजायला. ही ओवी पहाटे चार वाजता दळण दळताना, घरातलं दुसरं कुणी ऐकत नाही या भरवशावर, बाईनं स्वतःशी म्हटलेली होती. एक लाख ओव्या, आणि एकीलाही ऐकणाऱ्याची अपेक्षा नाही! पीठ गिरणीतून यायला लागलं, जाती परड्यात गेली, आणि ते म्हणणंही थांबलं. ज्यांनी गावोगाव फिरून ते टिपून ठेवलं त्यांचे आपल्यावर फार मोठे उपकार आहेत, आणि महाराष्ट्रात किती जणांना त्यांची नावं माहीत आहेत, हा प्रश्न मी इथे विचारून ठेवते.

हे ध्वनिमुद्रण मी फोनवरच ऐकलं. तेव्हा फोनवर माझा राग नाही. फोनच्या पोटात लाखो गाणी आहेत, त्यात ओव्या आहेत, जुन्या तबकड्याही आहेत. माझं भांडण आहे ते त्याच्या दारात उभं राहून "मला आवडेल ते दे" एवढंच म्हणण्याशी. एकदा "तुला जे आवडलं ते दे" असं दुसऱ्या माणसाला म्हणून बघा.

नावांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक बोट ठेवते. आकाशवाणीवर निवेदक गाण्याआधी किंवा नंतर तीन नावं सांगायचा: गीतकार, संगीतकार, गायक. 'आपली आवड' ऐकत वाढलेल्या माणसाला, तो चौथी पास असला तरी, खळे आणि यशवंत देव यांच्या चालीतला फरक कळायचा, कारण नावं कानावर पडत होती. त्या दुकानदारानं मला सिनेमा, कवी, संगीतकार अशी तीनच नावं दिली, आणि त्यातलं मधलं नाव धरून मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. तिथे 'एल्गार' मिळाला, १९८३चा, सुरेश भटांच्या गझलांचा संग्रह. त्यामागून 'रंग माझा वेगळा'. एका तुटलेल्या गाण्यानं मला कवितेच्या कपाटापर्यंत नेलं, कारण कुणीतरी कवीचं नाव उच्चारलं होतं. आज फोनच्या पडद्यावर गायक मोठ्या अक्षरात, चित्रपटाचं चित्र त्याहून मोठं, आणि गीतकार? तो शोधायला आत दोन-तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, आणि तिथेही सापडेलच असं नाही. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' या नावाचं पुस्तक लिहिलं त्या भाषेत शब्द लिहिणाऱ्याचं नाव गाळलं जातं! मराठी भावगीत कवितेच्या खांद्यावर बसून मोठं झालं. खांद्याचं नाव तरी सांगा.

कार्यक्रमांचे निवेदकही यातून सुटत नाहीत. गाण्याच्या कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये सात मिनिटं विनोद, आणि कवीचा उल्लेख शून्य. टीव्हीवरच्या स्पर्धेत पोरगं जीव ओतून गातं, परीक्षक त्याच्या हरकतींना गुण देतात, गाणं कुणाचं हे पट्टीवर दोन सेकंद येऊन जातं.

कॅसेट भरून घेतली त्याच १९८६च्या डिसेंबरात, १३ तारखेला, 'उंबरठा'ची नायिका स्मिता पाटील गेली. एकतीस वर्षांची होती. मी तोवर 'उंबरठा' पाहिलेला नव्हता. माझ्याकडे त्या सिनेमाची एक तुटकी गझल तेवढी होती. आमच्या खोलीतल्या एकीनं पेपर आणून पलंगावर ठेवला आणि काही न बोलता माझी कॅसेट घातली. बी साइड, शेवटपर्यंत पुढे पळवून. आम्ही तिघी बसून ऐकत होतो. 'खट्' झाल्यावरही कुणी उठलं नाही. सतरा वर्षांच्या आम्हाला त्या शब्दांतलं एकटेपण कळलं होतं का? नसणार. चाल कळली होती, आवाज कळला होता, अर्थ हप्त्याहप्त्यानं येत गेला. लग्नानंतर थोडा, आई गेल्यावर थोडा. माझ्या घरी परवा पाहुणे येऊन गेले, भांडी आवरून झाली, बैठकीच्या खोलीत खुर्च्या तशाच वेड्यावाकड्या राहिल्या होत्या, तेव्हा आणखी थोडा आला.

भाचीचं सांगून थांबते.

बहिणीची बदली नाशिकहून पुण्याला झाली आणि पंधरा वर्षांची माझी भाची जून महिन्यात नव्या शाळेत दाखल झाली. नव्या शाळेत मधल्या सुट्टीत ती एकटी बसते, असं बहिणीनं मला फोनवर हळूच सांगितलं होतं. एका रविवारी आली आणि म्हणाली, "मावशी, एक गाणं ऐकवते." कानातल्या दोन बोंडांतलं एक तिनं मला दिलं. कोरियन गाणं. एक अक्षर समजेना. मिनिटभरानं माझा हात बोंडाकडे गेला.

"थांब ना. पूर्ण ऐक."

मी एरवी इतरांना सांगते तेच वाक्य तिनं मला ऐकवलं होतं. मी हात खाली घेतला.

'स्प्रिंग डे', बीटीएस, २०१७. दुरावलेल्या मित्राची वाट बघणारं गाणं आहे, तिनं सांगितलं. २०१४च्या एप्रिलमध्ये कोरियात सेवोल नावाची बोट बुडाली, तीनशेहून जास्त माणसं गेली, त्यांतली बहुतेक सहलीला निघालेली शाळेची मुलं. तिकडचे खूप श्रोते हे गाणं त्या मुलांच्या आठवणीशी जोडतात. हे सगळं ती मला एका दमात सांगत होती. "तुला कुठे मिळालं?" मी विचारलं. नाशिकच्या मैत्रिणीनं पाठवलं होतं, जायच्या आदल्या रात्री. सोबत काही लिहिलं नव्हतं, नुसतं गाणं.

मग तिनं दप्तरातून वही काढली. पानभर देवनागरी, पण शब्द मराठी नाहीत, हिंदीही नाहीत. कोरियन गाणं तिनं जसं ऐकू आलं तसं आपल्या अक्षरांत लिहून काढलं होतं. काही ठिकाणी पेन्सिलीनं, वरून शाईनं. दोन ठिकाणी नुसत्या रेघा. "इथे काय म्हणतात ते अजून कळलं नाही," ती म्हणाली. फोनवर शब्द शोधले की मिळतात, मी म्हटलं. "मिळतात गं. पण मला ऐकूनच लिहायचं होतं."

मी उठले, कपाटातून आईची वही आणली आणि तिच्या वहीशेजारी ठेवली. ती खळीच्या डागांवरून बोट फिरवत राहिली. पेन्सिल, निळी शाई, खाडाखोड. ती रेघ, नंतर भरलेली. आजीला तिनं फोटोतच पाहिलं आहे.

"आजीला पण सगळं ऐकू यायचं नाही?"

"शनिवारी यायचं थोडं. मग रविवारी."

मग मी माझं गाणं लावलं. काही सांगितलं नाही, कवी नाही, सिनेमा नाही, कॅसेट नाही. एक बोंड तिच्या कानात, एक माझ्या. तिनं डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट कोरत बसली होती. शेवटचं कडवं सुरू झालं, माझा कान थांबला, गाणं पुढे निघून गेलं. संपल्यावर ती जरा वेळ गप्प होती.

"हे लिहिलंय कुणी?"

मी नाव सांगितलं. तिनं वहीचं नवं पान काढलं, वर ते नाव लिहिलं आणि म्हणाली, "परत लाव. हळूहळू."

तिच्या हातात पेन्सिल होती.